विषय : घोडा बांधण्यास जागा मिळणेबाबत

जगात कुठंही एखाद्याच्या डोक्यात काही अचाट करायचं आलं, की तो आधी मित्राच्या हातात मोबाइल देतो. "शूटिंग चालू कर," म्हणतो आणि गच्चीवरून पोहण्याच्या तलावात उडी टाकतो. तलाव चुकतो, झुडूप सापडतं, आणि संध्याकाळपर्यंत तो गडी परभणीच्या चहाच्या टपरीवर पोचलेला असतो. आमच्या भागातल्या अचाट माणसाची रीत वेगळी. तो आधी कोरा कागद मागतो. वर 'प्रति' लिहितो, खाली 'मा. साहेब', मग अधोरेखित 'विषय', आणि शेवटी 'आपला विश्वासू'. आवक विभागाचा शिक्का बसला की त्याचा पराक्रम पुरा झाला. व्हिडिओ कुणी काढला तर काढला.

'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' असं आम्ही उगीच म्हणत नाही. (उगीचच म्हणतो, पण जोरात म्हणतो.)

या अर्जवाङ्मयातला अव्वल नमुना मात्र शेजारच्या नांदेडनं पटकावला, हे परभणीच्या माणसाला सांगताना जरा जडच जातं. मार्च २०२१. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रोजगार हमी विभागातल्या एका सहायक लेखाधिकाऱ्यानं थेट जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला. आशय असा, की मला मणक्याचा त्रास आहे, दुचाकीवरून येणं जमत नाही, सबब मी घोडा घ्यायचं ठरवलं आहे. तरी तो कार्यालयाच्या आवारात बांधण्यास परवानगी मिळावी. लेखा विभागातला माणूस तो. कारण, उपाय, मागणी, सगळं एका पानात बसवलेलं. शब्द एक जादा नाही.

तो काळही घोड्याला अनुकूल होता. त्याच्या आदल्याच महिन्यात परभणीत 'पॉवर' पेट्रोलनं लिटरमागं शंभरी ओलांडली होती आणि दिल्लीचे वाहिनीवाले परभणीचं नाव घेत होते. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठं, तर परभणीत, हा मान आम्ही बरीच वर्षं राखला. टँकर मनमाडजवळच्या डेपोतून तीनशेवर किलोमीटर चालून येणार, त्या चालण्याचे पैसे आम्ही भरणार. जर्मनीला हा मान मिळाल्याचं ऐकिवात नाही.

तर घोडा. खरी कमाल अर्जाची नाही, अर्जावर जे झालं त्याची आहे. साहेबांनी तो हसून ड्रॉवरमध्ये टाकला नाही. नियमाप्रमाणं वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागाचा अभिप्राय मागवला. विभागानं तो दिलासुद्धा: घोड्यावर बसल्यानं मणक्याचा त्रास कमी होणार नाही, उलट वाढेल. माझ्या मते सरकारी पत्रव्यवहारात इतकं मुद्द्याचं उत्तर क्वचित सापडेल. म्हणजे प्रशासनाची हरकत घोड्याला नव्हती. हरकत मणक्याची होती. उद्या कुणी धडधाकट पाठीचा कारकून तोच अर्ज घेऊन गेला, तर त्याला काय कारण दाखवणार, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

तेव्हाच्या औरंगाबादेत एका महाविद्यालयातल्या प्रयोगशाळा सहायकानं तर लॉकडाऊनमध्ये खरोखरच घोडा घेतला. 'जिगर' त्याचं नाव. घोड्याचं. तो त्यावर बसून कामावर जातो, हा व्हिडिओ २०२२ साली देशभर फिरला. पण आमच्या टपरीवर त्याला दुय्यम दर्जा. घोडा खरा, स्वार खरा, रस्ता खरा, पण कागद कुठाय? आवक क्रमांकाशिवाय मराठवाड्यात गोष्टीला वजन येत नाही.

दुसरा नमुना आम्ही आमचाच धरतो, कारण हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती आणि भावकीत वाटणी झाली तरी पराक्रम सामाईक असतो. सेनगाव तालुक्यातलं ताकतोडा. जून २०२२. दोन एकरवाला एक बावीस वर्षांचा शेतकरी बँकेत गेला आणि त्यानं कर्ज मागितलं. कशाला? हेलिकॉप्टर घ्यायला. साडेसहा कोटींच्या वर. सोयाबीन परवडत नाही, पाऊस ऐनवेळी दगा देतो, विम्याचे पैसे पुरत नाहीत. म्हणून हेलिकॉप्टर घेऊन भाड्यानं द्यावं म्हणतो, असा त्याचा हिशेब. आता यात हसण्यासारखं काय आहे? बाजूचा माणूस सोयाबीन काढायला हार्वेस्टर भाड्यानं देतो, कुणी पाण्याचा टँकर, कुणी लग्नाला मांडव. यानं वाहन जरा उंचीवरचं निवडलं, इतकंच. लग्नसराईत नवरी हेलिकॉप्टरमधून सासरी गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. धंदा आहे.

पण मला हौस त्या बँकेच्या टेबलामागं बसून बघायची. सातबारा आणलाय का? जामीनदार दोन लागतील, तेही हेलिकॉप्टरवालेच असले तर बरं. मागच्या पीककर्जाचा नील दाखला कुठाय? आणि हप्ता थकला तर जप्तीला आम्ही यायचं कसं, तेवढं लिहून द्या.

अशा अर्जांना एक सामुदायिक प्रकारही आहे, त्याला निवेदन म्हणतात. २१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात ज्योती क्रांती परिषदेनं लग्न न जमणाऱ्या तरुणांचा मोर्चा काढला. मुलं शेरवानी घालून, घोड्यावर बसून, बँडबाजासह जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली. आम्हाला नवरी द्या! फेटे, घोडे, वाजंत्री, वरमाईला हवं ते सगळं. फक्त वरात पोचली कलेक्टर कचेरीत. निवेदनात मागणी होती गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा कडक राबवा म्हणून. वर हसू आणि खाली मुलींच्या संख्येचा आकडा अशी ती चाल होती. मुली जन्मूच दिल्या नाहीत, तर घोडे रिकामेच फिरणार, हे सांगायला त्यांनी सभा घेतली असती तर पाच माणसं आली नसती. घोडे आणले म्हणून परदेशातल्या वर्तमानपत्रांपर्यंत गेलं.

अर्ज न करता जगभर गाजले ते फक्त माजलगावचे. आमच्या पाथरीच्या शेजारचा तालुका, गोदावरीच्या काठानं गेलं की आलंच. तिथल्या लवूळ गावात २०२१च्या अखेरीस माकडं कुत्र्याची पिल्लं उचलून घरांच्या छतांवर आणि झाडांवर नेऊ लागली. कुत्र्यांनी माकडाचं पिल्लू मारलं त्याचा हा सूड, असं गावकरी म्हणाले. मेलेल्या कुत्र्यांचा आकडा गावापासून जितका लांब गेला तितका फुगला. अडीचशे कुत्री मेल्याचं इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांना लवूळच्या पोलीस पाटलाआधी कळलं असावं. समाजमाध्यमांवर जगभरची माणसं दोन तट पाडून भांडली, एक माकडांच्या बाजूनं, एक कुत्र्यांच्या. डिसेंबरात वन विभागानं दोन माकडं पकडली आणि रानात नेऊन सोडली. दोघांपैकी एकानंही जबाब दिला नाही.

आता यंत्रांकडं येऊ. जपानमध्ये केंजी कावाकामी नावाच्या गृहस्थानं 'चिंदोगू' नावाची एक कलाच काढली. अशी उपकरणं, की जी तयार करता येतात, काम करतात, पण वापरायला लाज वाटते. त्याचे रीतसर नियम आहेत. वस्तू प्रत्यक्षात असली पाहिजे, जवळपास निरुपयोगी असली पाहिजे, आणि विकायची नाही. काड्यांनी शेवया खाताना त्या गार व्हाव्यात म्हणून काडीला छोटा पंखा. सर्दीवाल्यासाठी डोक्यावर कागदाचा अख्खा रोल बसवलेली टोपी. रांगत्या बाळाला घालायचा अंगरखा, ज्याला पोटाखाली फरशी पुसायच्या झालरी लावल्यात.

ही चित्रं मी एकदा गंगाखेडच्या एका आजींना दाखवली. टोपी बघून त्या म्हणाल्या, "पदर न्हाई का त्यांच्यात?" आणि बाळाचा अंगरखा बघून म्हणाल्या, "आमच्या लेकरांनी बिनझालरीचीच वसरी पुसली की!" कावाकामींना परभणीत फार वाव नव्हता, हे उघड आहे. पुरुषाच्या खांद्यावरचा गमछा एकटा टोपी, टॉवेल, चुंबळ, माशा हाकायचं साधन, बसमधली जागा धरायचं साधन आणि उन्हाळ्यात भिजवून कानाला बांधला की कूलर, इतकी कामं करतो. तो विकतही घ्यावा लागत नाही, कुणाच्या ना कुणाच्या सत्कारात मिळतो.

मात्र 'विकायचं नाही' या नियमाला आमच्याकडं कुणीच जुमानणार नाही. पूर्णा जंक्शनच्या बाजूनं गाडीत चढणारे विक्रेते आठवा. लिंबात खोचायची प्लास्टिकची तोटी, सुईत दोरा ओवायचा पत्रा, एका दांडीत बटाटा सोलायची, किसायची आणि नागमोडी कापायची सोय. डब्यात त्यांच्या हातात ते यंत्र अप्रतिम चालायचं. घरी आणलं की तोटीतून रस सोडून सगळं यायचं. तीच तोटी आता मोबाइलवर 'किचन गॅजेट' म्हणून चौपट किमतीला मिळते आणि फसवणूक झाल्यावर समोर माणूसही नसतो. गाडीतला निदान पुढच्या आठवड्यात त्याच डब्यात सापडायचा. आपण चिडून विचारावं, तर तो म्हणायचा, "मामा, लिंबू कोणतं घेतलं होतं?" आणि नवीन तोटी गळ्यात मारायचा.

मोबाइलवरून मागवलेल्या पार्सलचं आणखी एक आहे. पत्त्यात 'मारुतीच्या मंदिराजवळ' लिहिल्याशिवाय आमच्या लोकांना पत्ता पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही. पार्सलवाला पोरगा मारुतीपाशी उभा राहून फोन करतो, आपण मारुतीपाशी जातो, दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मारुती दोन असतात. मग जुना मारुती का नवा, यावर बोलणं सुरू होतं आणि शेवटी पार्सल किराणा दुकानात ठेवलं जातं, जिथं आपण जाईपर्यंत ते गावानं उघडून पाहिलेलं असतं.

कागदावाचून यंत्राचं काय होतं, ते सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी दाखवून दिलं. त्यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून चारचाकी गाडी बनवली, खर्च साठेक हजार, आणि ती चालू होते दुचाकीसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी व्हिडिओ पाहून जाहीर केलं, की गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील. ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो न्या. जानेवारीत अदलाबदल झालीसुद्धा. टपरीवर यावर बरीच चर्चा झाली. बहुमत बोलेरोच्या बाजूनं होतं, पण एका जुन्या मेकॅनिकला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, बोलेरो ढकलूनच चालू करायची वेळ आली तर चार माणसं लागतात. हिला एक पाय बास होता.

आमच्या कृषी विद्यापीठाला इथं विसरून चालणार नाही. १८ मे १९७२ ला स्थापन झालेलं, आता वसंतराव नाईकांचं नाव लावणारं. 'परभणी क्रांती' नावाची भेंडी त्यांचीच, भेंडीला क्रांती म्हणायची छाती दुसऱ्या कुणाची झाली नसती. तिथं पशुशक्तीच्या योग्य वापराचा संशोधन प्रकल्प वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणजे बैलाच्या ताकदीवर काय काय चालवता येईल याचा शोध. त्यातून बैलानं ओढायचं, सौर पॅनेल लावलेलं फवारणी यंत्र निघालं. कुणी चेष्टा करील, पण हिशेब बघा: इंधन दोनच, कडबा आणि ऊन. पैकी उन्हाची परभणीला कधी टंचाई नव्हती. त्याच आवारात आता ड्रोन उडवायचंही शिकवतात. खाली बैल वर ड्रोन, मधे शेतकरी मान वर-खाली करतोय.

मराठवाड्याचं सगळ्यात आवडतं यंत्र मात्र पिवळं आहे. १९४५ साली इंग्लंडात जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसानं भाड्याच्या गॅरेजात एक ट्रेलर जोडून कंपनी काढली, त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. त्याच्या बकेटमध्ये माती, मुरूम, दगड येणार, इतपत त्यानं विचार केला असावा. झेंडूची फुलं येतील आणि ती नेत्याच्या डोक्यावर ओतली जातील, हे त्याला सुचणं शक्य नव्हतं. त्यासाठी आमच्याकडं जन्मावं लागतं. पुढाऱ्याची ताकद आता मतांत मोजत नाहीत. किती जेसीबी लावले आणि हार क्रेनला पेलला का, हे विचारतात. बकेट उलटी होते, दोन मिनिटं पुढारी दिसेनासा होतो, मग पिवळ्या ढिगातून एक हात वर येतो. कार्यकर्ते टाळ्या वाजवतात. झेंडूचा शेतकरीही वाजवतो, दर बरा मिळालेला असतो.

रीलवाल्या तरुणांचे प्रयोग मला तितके झेपत नाहीत. वाढदिवसाला तलवारीनं केक कापायचा, त्याचा व्हिडिओ टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र कायद्याखाली ठाण्यात बसायचं. राज्यातल्या जवळपास प्रत्येक जिल्ह्यात ही बातमी छापून आलेली आहे. इतकी सोयीची फिर्याद पोलिसांना एरवी मिळत नाही: आरोपीनं स्वतः पुरावा गोळा केलेला, त्यावर गाणं टाकलेलं, मित्रांना टॅग केलेलं, म्हणजे साथीदारांची नावंही आलीच. फौजदारानं फक्त 'लाइक' करायचं बाकी.

यातला एक प्रकार मात्र हसण्यावारी नेता येत नाही. माकडं आणि रानडुकरं हाकायला शेतकऱ्यांनी प्लास्टिकच्या पाइपची आवाज करणारी बंदूक काढली, कॅल्शियम कार्बाइडच्या वायूवर चालणारी. शेतात ती आवाजापुरती होती. व्हिडिओंवरून ती गावोगाव पसरली, शहरात गेली, पोरांच्या हातात आली आणि २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कित्येक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. माकड लांब बसून बघत असतं, ते तेवढं शहाणं आहे.

आणि आता विहिरीवरच्या मोटारीचं. शेतीला बरीच वर्षं थ्री फेज लाइट दिवसातून आठेक तास, कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीनं. रात्री दोनला लाइट येणार म्हणून कुणी विहिरीवर जाऊन बसावं, साप-विंचवाच्या सोबतीनं? म्हणून शेतकऱ्यानं स्टार्टरला 'ऑटो' बसवला. लाइट आली की मोटार आपोआप चालू. कल्पना उत्तम, फक्त ती सगळ्यांनाच सुचली. लाइट येते त्या क्षणी डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकदम दणका देतात, डीपी ढुम्म करतो आणि शिवार पुन्हा अंधारात. महावितरण कितीतरी वर्षं विनवतंय, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. शेतकरी म्हणतो, मी काढतो, पण आधी शेजाऱ्यानं काढावा. तोवर डीपी जळतो आणि मग अर्थातच अर्ज. विषय : रोहित्र बदलून मिळणेबाबत. सह्या सगळ्यांच्या, ऑटोही सगळ्यांचा.

यावरचा पुढचा शोध म्हणजे मोबाइल स्टार्टर. पेटीत सिमकार्ड घालायचं. घरी खाटेवर पडून मोटारीला फोन लावायचा. ती पहिल्या रिंगला उचलते आणि बाईच्या गोड आवाजात सांगते, मोटार चालू आहे. परभणी जिल्ह्यात शेतकऱ्याचा फोन इतक्या तत्परतेनं उचलणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. तलाठी उचलत नाही, विम्यावाला उचलत नाही, पुण्याला नोकरीला असलेला मुलगा मीटिंगमध्ये असतो. मोटार उचलते. मानवतच्या एका दादांनी हा नंबर मोबाइलमध्ये 'मोटार' याच नावानं ठेवला होता. रात्री दोनला नवरा चादरीखाली फोन कानाला लावून बाईचा आवाज ऐकतोय, यावरून घरात जे झालं ते झालं. त्यांनी वहिनींना विहिरीवर नेऊन पेटी उघडून दाखवली, तेव्हा मिटलं.

फक्त यात एक गोम आहे. चांगल्या स्टार्टरमध्ये मालकाचा नंबर नोंदवता येतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या फोननं मोटार हलत नाही. स्वस्तातल्यात ती सोय नसते. कुणीही फोन केला तरी मोटार चालू. आणि सिमकार्ड म्हटलं की कर्ज देणाऱ्यांचे फोन आलेच. दुपारी मालक लग्नाला गेलेला, आणि मुंबईच्या कुठल्या तरी कॉल सेंटरमधली मुलगी विहिरीवर फोन लावून मोटारीला सांगते आहे, की सर, आपल्याला पाच लाखांचं पर्सनल लोन मंजूर झालंय. विनातारण. मोटार चालू होते, सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी. हेलिकॉप्टरवाल्याला शाखेत जाऊन अर्ज करावा लागला होता; मोटारीला जामीनदारसुद्धा विचारत नाहीत.